चौथ्या नळीची क्लिप

बाबा, दहा दिवस झाले, एक गोष्ट मी कुणालाच सांगू शकलेले नाही, आणि ती सांगावी असं तुमच्याशिवाय दुसरं कुणी सुचत नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. गोष्ट जीपच्या एका नळीच्या क्लिपची आहे. आईला सांगायला गेले तर ती म्हणेल, "बस झालं वं, जेव आता." पण त्या क्लिपसाठी मी एका बाळंतपणाला निघालेल्या बाईची गाडी नाल्याकाठी थांबवली आणि मग खोटं बोलले. मी थकले आहे. गॅरेजच्या कामानं मी थकत नाही हे तुम्हाला माहीत आहे. तीच गोष्ट डोक्यात रोज उघडायची, तपासायची, बंद करायची आणि पुन्हा उघडायची, यानं थकले आहे.

शाळेत जायच्या आधी तुम्ही मला अंक शिकवले ते पान्यांवरून. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा. पहिलीत बाईंनी पुढे बोलावलं तेव्हा मी विसानंतर थेट बावीस म्हटलं, कारण आपल्या संचात एकवीसचा पाना नव्हता. सगळा वर्ग हसला. घरी येऊन सांगितलं तर तुम्ही हसला नाहीत. हातातलं काम ठेवून म्हणालात, "बाईचं बरोबर हाय. आपल्याकडं नाई म्हणून जगात नसते असं नाई, माय." ते वाक्य मला अजून पुरतं, पण त्या दिवशी मी रात्रीच्या जेवणापर्यंत एकवीस, एकवीस म्हणत होते, पुन्हा चुकू नये म्हणून. माझा स्वभाव तेव्हाच तसा होता.

आणि तो चहाचा ग्लास, मी दहा वर्षांची असतानाचा. काकांची जुनी जीप जॅकवर उचललेली आहे, मागची चाकं अधांतरी फिरत आहेत, आणि तुम्ही मला खाली बसवून अ‍ॅक्सलच्या मधला तो लोखंडी गोळा दाखवता आहात, ज्यात दात्यांची चाकं तेलात बुडून फिरतात. त्याच्या डोक्यावर करंगळीच्या नखाएवढं भोक आहे. "ही गाडीची नाकपुडी. पाह्य, गाडी बी दम घेते." भोकाला रबरी नळी जोडून तिचं दुसरं टोक तुम्ही पाणी भरलेल्या ग्लासात बुडवता. लोखंड तापायला लागतं आणि ग्लासात बुडबुडे येतात, एक, मग दोन, मग भराभर. मग तुम्ही इंजिन बंद करून ओलं पोतं त्या गोळ्यावर टाकता. थोड्या वेळानं ग्लासातलं पाणी आपोआप नळीत वर चढू लागतं. "तापलेली गाडी नाल्यात उतरली का अशी पाणी पिते. म्हणून नळी बॉनेटपर्यंत वर न्यायची. म्हणजे पाण्यात उभी राह्यली तरी दम वरून घेते." कुठल्याही पुस्तकानं मला इतकं स्पष्ट काही समजावलेलं नाही.

पण तेव्हा मी अर्धंच शिकले. पाणी आत जातं एवढंच डोक्यात बसलं. पेट्रोलच्या टाकीला चीर गेली की तुम्ही अंगाला लावायची साबणाची वडी घासून ती बुजवायचात, ते मी रोज पाहत होते. पुढच्या वर्षी, मी अकरा वर्षांची असताना, काकांच्या जीपची मागची नळी तुटली होती आणि नवी यायची होती. तुम्ही जेवायला गेला होतात. मी गाडीखाली शिरून त्या भोकात साबण दाबून भरला. चांगला, बोटानं गुळगुळीत करून. मला वाटलं मी गाडीला वाचवलं. त्या दुपारी काका बाजाराची माणसं घेऊन उटनूरकडे निघाले. आतली तापलेली हवा कोंडली, तिनं चाकाजवळचं सील फोडलं, तेल ब्रेकवर उतरलं, आणि उताराला गाडी थांबेना. काकांनी ती कापसाच्या वावरात घातली. कुणाला लागलं नाही. संध्याकाळी गाडी ओढून आणली तेव्हा तुम्ही त्या भोकावर बोट फिरवून वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. ओरडला नाहीत. म्हणालात, "तोंड मिट, नाक धर, अन् त्या चिंचेपर्यंत पळून ये." मी निम्म्यातच थांबले, छाती फुटेल असं वाटत होतं. "तिले बी असंच झालं," तुम्ही म्हणालात. नंतर काकांना सांगितलंत, "माह्याच हातानं चुकलं." काका अजून हसून सांगतात, "तुह्या बापानं मले कापूस वेचाले नेलं होतं वं!" मीही हसते. आजपर्यंत मी त्यांना खरं सांगितलेलं नाही.

आता गॅरेज मी पाहते. काका आता दुसरी जीप चालवतात, आरोग्य केंद्राला भाड्यानं लागलेली. नाल्यापलीकडच्या दोन गावांना नर्सबाईंना न्यायचं, पेशंट असला तर आणायचा. पोळ्याच्या आधी गाडी माझ्याकडे आली. चार नळ्या टाकायच्या होत्या: पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल, चारही चाकांना जोर देणारा फोर-व्हीलचा लहान डबा आणि गिअरबॉक्स. अ‍ॅक्सल खड्ड्यात वरखाली होतो म्हणून नळीला ढील ठेवली, पण पाणी साचेल असा झोळ नको म्हणून ती पट्टीनं चेसिसला बांधली, सायलेन्सरपासून चार बोटं लांब ठेवून. तीन नळ्यांचे बुडबुडे मी ग्लासात मोजले. चौथी गिअरबॉक्सची. तिचं भोक गाडीच्या तळाखाली इतकं अडचणीत आहे की तिथं डोळा जात नाही, फक्त हात जातो. क्लिप बोटांनी चाचपून पेचकसानं आवळावी लागते. आवळून बाहेर आले, टोक ग्लासात बुडवलं, तेवढ्यात काकांचा फोन वाजला. पलीकडच्या गावात कॅम्प होता, नर्सबाई वाट पाहत होत्या.

"झालं न वं? निघू?"

"बुडबुडे पाहू द्या काका, पाच मिनिटं."

"ते मी चहात पाह्यतो," म्हणत त्यांनी नळी ग्लासातून काढली, बॉनेटखाली इतर तिघींशेजारी खोचली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते आणि एकाएकी मला आठवेना की ती क्लिप मी आवळली होती की नुसती सरकवून ठेवली होती. हात आठवत होता, पेचकस आठवत होता, पण शेवटचा घट्ट झालेला आटा आठवत नव्हता. काकांना फोन लावला. ते कॅम्पसाठी पलीकडेच मुक्कामाला होते, तिकडे रेंज नाही. तासाभरात दहादा लावला. मग पेचकस डिकीत टाकून स्कूटी काढली. आई दारात म्हणाली, "कुठं निघाली भाकरी टाकून?" मी म्हटलं, येते. वाटेत मला सगळं माहीत होतं, बाबा, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. क्लिप ढिली असली तरी गाडी त्या दिवशी बंद पडत नाही. पाणी थोडंथोडं आत जातं, तेल दुधाच्या चहासारखं होतं, महिन्या-दोन महिन्यांनी बेअरिंग जातात. ब्रेकशी त्याचा काही संबंध नाही. हे सगळं माहीत असताना मी स्कूटी पळवत होते, कारण मला ते कापसाचं वावर दिसत होतं.

नाल्याला मांडीएवढं पाणी होतं. मी अलीकडे पोचले आणि पलीकडून काकांची जीप उताराला लागली. मी दोन्ही हात वर केले. काका थांबले, दार उघडून ओरडले, "काऊन वं? का झालं?" मी पाण्यात उतरले, पेचकस डोक्यावर धरून. पलीकडे पोचले तेव्हा दिसलं, मागच्या सीटवर एक बाई आडवी होती. तिची सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन गोंडीत काहीतरी एकसारखं पुटपुटत होती. नर्सबाई तेलुगूत ओरडल्या, "तोंदरगा! तोंदरगा!" लवकर, लवकर. तेव्हा मी म्हणायला हवं होतं, काही नाही काका, जाऊ द्या. एवढंच. मी म्हटलं, "एक नळी पाहायची आहे. दोन मिनिटं." आणि चिखलात पाठीवर पडून गाडीखाली शिरले.

गिअरबॉक्स तापलेला होता, कोपराजवळ भाजलं. चिखलानं बोटं घसरत होती, क्लिप सापडेना. वरून ती बाई कण्हायची आणि तळाचा पत्रा हलायचा. मग क्लिप सापडली. पेचकस बसवला, फिरवला. हलली नाही. पुन्हा फिरवला. नळी ओढून पाहिली. क्लिप आधीपासूनच पक्की होती, तुम्ही आवळावी तशी. दोन मिनिटं म्हटलं होतं, वीस गेली असतील. बाहेर आले. काका वाकून पाहत होते. "ढिली होती का?" नर्सबाई पाहत होत्या, ती सासूही पाहत होती.

मी म्हटलं, "हो. बरं झालं पाहिलं."

गाडी पाण्यातून निघाली, एकदाही अडखळली नाही. दवाखाना चार किलोमीटर राहिला असताना बाळ गाडीतच झालं. मुलगी आहे, ठीक आहे. आईचं रक्त फार गेलं, तीन दिवस ठेवून घेतलं, रक्त चढवलं, आता घरी आहे. मी नर्सबाईंना विचारलं, वीस मिनिटं आधी पोचलो असतो तर? त्या म्हणाल्या, "अम्मा, असं कोणी सांगू शकत नाही." हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की तेच खरं आहे, मला कळत नाही. म्हणून तुम्हाला विचारते. तुम्हीही सांगू शकत नाही.

काकांनी चहाच्या टपरीवर गोष्ट सांगायला घेतली आहे. त्यांच्या गोष्टीत गाडी नाल्याच्या मधोमध बंद पडणार होती आणि मी ऐन वेळी पाण्यात उडी घेतली. "बापावर गेली पोरगी," ते म्हणतात. आईनं ते शेजारी दोन घरांत सांगितलं. त्या सासूनं कॅम्पच्या गाडीतून काकड्यांची पिशवी पाठवली. आई म्हणाली, "खाय न, गोड हायेत." मी एक खाल्ली.

तुमच्यासारख्या माणसापुढे हे मला तोंडानं बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे. वहीत राहील. खरं तर हे काकांना सांगायचं आहे, ते उद्या तेल बदलायला येणार आहेत, आणि मी सांगणार नाही हे मला आजच माहीत आहे. खोटं का बोलले याचं उत्तर मी दहा दिवस शोधते आहे आणि माझ्याकडे चांगली उत्तरं आहेत: घाबरले होते, वेळ नव्हता, सगळे पाहत होते. पण टपरीवर काका ती गोष्ट सांगत होते तेव्हा मी मागे उभी होते, बाबा. निघून जाऊ शकले असते. ती संपेपर्यंत मी थांबले, आणि मला बरं वाटलं.