रिकामा रकाना

मंगळवार, ९ डिसेंबर

ती. वहिनी,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. बाबा रोज सकाळी फाटकापर्यंत चालतात आणि डोंगर चढून आल्यासारखा चहा मागतात. दादाला सांगा, त्याचा स्वेटर सापडला. बाबांच्याच अंगात होता.

बाबांच्या सोमवारच्या ऑपरेशनचा फॉर्म तुम्ही दुसऱ्यांदा परत पाठवलात. मी रिकाम्या सोडलेल्या रकान्यापुढे पेन्सिलीची बारीक खूण, बाकी अवाक्षर नाही. ‘वर्षभरात घेतलेली अँटिबायोटिक्स.’ माझ्यासारख्या औषधाच्या दुकानदाराला हे कळलं नसेल, असं तुम्हाला वाटलं नसणारच.

उन्हाळ्यात बाबा न्यूमोनियाने तुमच्या आयसीयूत होते, तेव्हा मी दारातून तुमचा राउंड बघायचो. प्रत्येक खाटेपाशी तुमचा एकच प्रश्न, “हे औषध आज कशासाठी?” कारण सांगता आलं नाही की औषध बंद. भलेभले डॉक्टर चाचपडायचे. तिसऱ्या दिवशी जंतूंचा रिपोर्ट आला आणि तुम्ही बाबांची दोन्ही भारी औषधं थांबवून एक जुनंच इंजेक्शन लावलंत. मी सगळ्यांदेखत तोंड सोडलं, “सासरा आहे म्हणून हात आखडता घेता का?”

तुम्ही आवाज चढवला नाहीत. “भावजी, या जंतूंवर हेच चालतंय. ती दोन्ही उगाच देत राहिले, तर उद्या शेजारच्या खाटेवरच्या मुलीला द्यायला माझ्याकडे काही उरणार नाही.”

दोन दिवसांत ताप उतरला. सातव्या दिवशी तुम्ही ते इंजेक्शनही बंद केलंत. असा डॉक्टर मी पाहिला नाही वहिनी, आणि हे तुम्हाला आज पहिल्यांदा सांगतोय.

आता रकान्याचं. बाबांना दाखल करताना तुम्ही विचारलं होतं, “घरी काही दिलं होतं?” मी म्हणालो, “छे, तापाची गोळी फक्त.” खोटं बोललो. जरा खोकला झाला की दुकानातली भारीतली गोळी मी त्यांना द्यायचो. तीन दिवस, बरं वाटलं की बंद. वर्षात पाच वेळा. दुकानदार मुलाचा बापाला तेवढा तरी उपयोग, असं वाटायचं. जंतू त्या गोळ्यांना सरावले होते. मी गप्प बसलो, म्हणून पहिले दोन दिवस तुम्ही त्याच जातीची औषधं देत राहिलात. ते दोन दिवस बाबा माझ्यामुळे तडफडले.

रिपोर्ट वाचून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. दादा, आत्या, सगळे उभे होते. तुम्ही एवढंच म्हणालात, “भावजी, जेवलात का?” मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ‘हो’ म्हणालो. तेही खोटंच होतं.

हल्ली चिठ्ठीशिवाय कुणी अशी गोळी मागितली की मीही विचारतो, “कशासाठी?” निम्मे लोक समोरच्या दुकानात जातात.

फॉर्म सोबत आहे. पाचही वेळची नावं, तारखा, दिवस लिहिलेत. रकाना पुरला नाही, म्हणून मागे. कुणी दिलं, हे फॉर्म विचारत नाही, तेही लिहिलंय. पाठवण्याआधी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी फॉर्म मागून घेतला, मागची बाजू स्वतः वाचली. मग म्हणाले, “दादालाही वाचू दे म्हणावं.”

सोमवारी बाहेरच्या बाकावर असेन. जेवलो का, ते पुन्हा विचारा. या वेळी खरं सांगेन.

तुम्ही सांभाळून घेतलेला,
धाकटा दीर