साडेपाच तास

सोमवार, ३ फेब्रुवारी
पेणहून रोह्याला आले! वरसे गावात मालूकाकींकडे छान खोली मिळाली. खिडकीखाली वालाचं शेत. आल्या आल्या काकींनी पोपटीच्या, मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा पुढ्यात ठेवल्या आणि लाजतेस काय गो अपेक्षा, पेणला काय उपास धरतात, असं विचारलं. उद्यापासून कंपनीत. दहाव्या वर्षापर्यंत मला आत्याने घरीच शिकवलं. प्रत्येक गणित दोनदा तपासायची सवय तिचीच.

बुधवार, ५ फेब्रुवारी
काम आवडलं. प्लँटच्या जुन्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी नव्यात आणायच्या. कॉम्प्युटर मुळात तारीख ठेवतच नाही, १९७० च्या एक जानेवारीपासूनचे सेकंद मोजतो, तेही ग्रीनिचच्या वेळेने. आपली वेळ हवी तर साडेपाच तास मिळवायचे. जुना कॉम्प्युटर ते मिळवत नाही, ग्रीनिचचीच वेळ दाखवतो. मी बसवलेला नवा आपणहून मिळवतो.

भिंतीवर काकींच्या मुलाचा, सखाचा, फोटो आहे. गेल्या मे महिन्यात आमच्याच कंपनीत अपघातात वारला. रात्रपाळी करून जादा कामाला थांबला होता. सकाळी अकराला टाकी धुवायला उतरला, आत गॅस होता. चौकशीत ठरलं की गॅसचा अलार्म पहाटे चार चाळीसला, त्याच्याच पाळीत वाजला आणि त्यानेच तो बंद करून झोप काढली. काकी म्हणतात, माझा पोर झोपणारा नाय. गाव म्हणतं, झोपला म्हणून मेला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
ती नोंद सापडली. चार चाळीस ही ग्रीनिचची वेळ. दोनदा तपासलं. अलार्म सकाळी दहा दहाला वाजला. सखाची पाळी तेव्हा संपली होती. पाळी आमच्या वरिष्ठांची, हर्षद साहेबांची. अलार्म त्यांनी बंद केला, आणि वर सखाला टाकीत पाठवलं.

साहेबांना सांगितलं. ते हसले. मेलेल्याला काय फरक पडतो, पण तू अजून कायम झालेली नाहीस ना, म्हणाले. तेवढी एक ओळ चार चाळीसच ठेव, आणि खाली ‘तपासले’ म्हणून सही कर.

केली.

सोमवार, १० फेब्रुवारी
जुन्या कॉम्प्युटरवर हजेरीची नोंद आली. सखा, आत, ४:४०. आजची तारीख. म्हणजे आपले दहा दहा. तेव्हा मी हजेरीच्या यंत्रासमोरच बसले होते. कुणीही आलं नाही. काचेवर अंगठा मात्र उमटलेला, ओला.

खाली दुसरी नोंद. हर्षद, बाहेर, ११:००. तारीख उद्याची. साहेब म्हणाले, यंत्र बिघडलंय.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
अकराला साहेब सगळ्यांसमोर उभे राहिले. बघा रे, हाय की नाय जिता, म्हणून छाती ठोकली. सगळे हसले. मीही.

दुपारी साडेचारला टाकीपाशी मरून पडलेले सापडले. अलार्म वाजलाच नाही.

अकरा आणि साडेपाच. मला तरी कळायला हवं होतं. मला तर —

बुधवार, १२ फेब्रुवारी
जुना कॉम्प्युटर काढून नेला. आता सगळं नव्यावर.

माझ्या सहीचं काकींना कळलंय. ताट वाढलं. मी रडून सांगितलं, उद्या खरं लिहून देते. उद्या कशाला, आज हात मोडलाय काय गो, म्हणाल्या. मग हळूच — तो कुणाला सोडायचा नाय.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
माझं नाव. अपेक्षा, बाहेर, ११:५०. आजचीच तारीख. आता अकरा चाळीस —

नाही. हिशेब करायचा. साडेपाच मिळवायचे. म्हणजे संध्याकाळचे पाच वीस. वेळ आहे. पाणी प्यायले. खरं काय ते लिहून पाठवते, आधी इथे मसुदा करते, घाई नको, नीट —

स्क्रीन ओली आहे. आतून.

ही नोंद नव्या कॉम्प्युटरवर आहे. मी बसवलेल्या. त्यात साडेपाच आधीच —

अकरा एकोणपन्नास. काकी — लिहिते, आत्ताच लिहिते —

अलार्म वाजला तेव्हा पाळी सखाची नव्हती, ती