गाईंना लस, नातीला कडुलिंबाचा पाला

आबा,

तीर्थरूप लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं आबा. काल तुमचा दहावा झाला. कुकडी नदीच्या घाटावर मी सगळ्यांसमोर गप्प बसले, पण ते गिळलेलं आता पोटात राहत नाही, म्हणून लिहितेय. जिवंतपणी सुनेचं कधी ऐकलं नाहीत, आता कुठं पळाल?

गर्दी लई होती हं! पुढाऱ्यांची भाषणं संपता संपेनात. एक जण म्हणाला, "आबा म्हंजी गावाला दिशा देणारं नेतृत्व." मला हसू आवरेना, तोंडाला पदर लावला. बायकांना वाटलं, सून किती रडतेय!

मग पिंड ठेवला, आणि कावळा काही शिवेना. तुमच्या मुलानं हात जोडून सांगितलं, भावकीला बोअरचं पाणी देऊ. नाही. लेण्याद्रीला अभिषेक करू. तरी नाही. तेवढ्यात तुमची लाडकी लेक, आमच्या वन्सं, पुढं झाल्या. "आबाचा जीव सोहममधी आडाकलाय. वहिनी, शब्द द्या, पोराला सुई टोचणार न्हाई म्हणून."

माझा सोहम आता नऊ महिन्यांचा झाला. परवा बुधवारी उपकेंद्रात त्याची गोवराची लस आहे. आणि सगळा घाट माझ्याकडं बघतोय! हे कानाशी येऊन म्हणाले, "दिऊन टाक ना, खोटा का व्हईना." नाही दिला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, तेव्हा कुठं लोक जेवायला उठले.

काय हो आबा, मेल्यावरही नातवाचा जीवच हवा होता तुम्हाला?

माझ्या थोरल्या स्वातीच्या वेळी तुमचंच चाललं. तिचे सुरुवातीचे डोस घोडेगावला माझ्या माहेरी झाले होते. शेवटच्या डोसनं एक दिवस अंग तापलं, तेवढ्यावर तुम्ही डॉक्टर झालात! "चांगलं हसतं-खेळतं पोर सुईनं बिघडावलं." पुढं नर्सबाई गोवराच्या लशीसाठी दारात आल्या, तर त्यांना पायरीही चढू दिली नाहीत. आणि त्याच आठवड्यात जनावरांचा डॉक्टर आला, गाईंना लाळ्या-खुरकुताची लस टोचायला. त्याला ओट्यावर खुर्ची, वेलचीचा चहा! "येक बी गाय सोडू नका डॉक्टर, दुधाच्या हायेत." वा आबा, वा! नात दूध देत नव्हती, हाच तिचा गुन्हा.

आणि तुम्हाला स्वतःला कुत्रं चावलं तेव्हा? मोटरसायकलवर मागं बसून नारायणगाव गाठलंत, एकही इंजेक्शन चुकवलं नाहीत. तुमचा तेवढा जीव, बाकीच्यांचा काय पालापाचोळा?

स्वाती दोन वर्षांची असताना तिला गोवर निघाला. दवाखान्यात नेते म्हटलं तर तुम्ही दारात आडवे. "बया आलीया, देवीचा मान ठिवायचा." दाराला कडुलिंबाचा पाला, घरात फोडणी बंद. पोर तापानं फणफणली, कानातून पू यायला लागला, तरी तुम्ही पाला बदलत बसलात! शेवटी माझा भाऊ गाडी घेऊन आला आणि आम्ही तिला तशीच उचलून नेली. जीव वाचला, दोन्ही कान गेले.

तेव्हा ओट्यावर बसून काय म्हणालात, आठवतं? "पोरीच्या जातीला कमी ऐकू आल्यालं बरंच." आणि बसलेले सगळे हसले होते. थू त्या हसण्यावर.

लोक म्हणतात, आबांचा नातीवर जीव होता. होताच. तिला खांद्यावर घेऊन लेण्याद्रीच्या पायऱ्या चढलात, ते मी पाहिलंय. त्यानंच जास्त संताप येतो. एवढी माया होती, तर तिच्यासाठी एकदा हट्ट सोडता आला नाही?

शब्द हवा होता ना? घ्या. बुधवारी सोहमला लस टोचून आणणार. मग दीड वर्षाची, पाचाची, दहाची, सोळाची, एकही चुकू देणार नाही. यांनी आडवं यावं नाहीतर वन्संनी, बघतेच मी. त्याला मांडीवर धरून स्वाती बसणार आहे, तिनंच हट्ट धरलाय. सुई टोचली की पोरगं सगळं उपकेंद्र डोक्यावर घेईल. तिला फक्त त्याचं उघडं तोंड दिसेल.

तुमची सून,
सुरेखा