रेकॉर्डी विकल्या, भाऊ

बमरोली, सुरत
ऑगस्ट १९९४

सुकदेवभाऊ,

तुझ्या सगळ्या रेकॉर्डी आज मी विकल्या. भंगारात नाही घातल्या. चौकबाजारचा एक शौकीन माणूस रिक्षा भरून घेऊन गेला. गावी जाताना तू म्हणाला होतास, "हात लावशील तर बघ." लावला.

त्याच रेकॉर्डी ऐकून मी गाणी बसवायची आणि गणपतीत पडद्यामागून गायची. पुढे तू माइक धरून नुसते ओठ हलवायचास. पाटीवर लिहिलेलं असायचं, 'बाईच्या आवाजात गाणारा कलाकार'. दोन वर्षं खपलं. तिसऱ्या वर्षी तू दुसरं कडवं विसरलास आणि पहिल्या रांगेतले कारागीर हसत सुटले. कापडाच्या लूमच्या खडखडाटात ते दिवसभर एकमेकांचे ओठ वाचूनच बोलतात. तू स्वतः लूमवर असून हे कसं विसरलास रे?

लोक हसले तुला, गाणं मात्र माझं बंद झालं. पुन्हा गाणार नाहीस, अशी शपथ मला घालून तू पारोळ्याची गाडी धरलीस. सहा वर्षं पाळली.

आता नाही. रेकॉर्डी देऊन मी बाजाची पेटी आणली. जुनी आहे, पण सुरात आहे. मंडळवाल्यांना सांगितलंय, यंदा पडदा बांधू नका.

"पाटीवर काय लिहू, ताई?" मंडळाच्या पोरानं विचारलं.

"सुषमा लिही. मोठ्या अक्षरात."

हे पत्र टपालात टाकणार नाही, तू अडवायला येशील. तरी कुणाकडून कळून आलासच, तर मागे उभा राहू नकोस. पहिल्या रांगेत बस आणि माझे ओठ वाच.

तुझीच बहीण,
सुषमा