देव्हाऱ्यातला पहिला पीस

१५ नोव्हेंबर, शनिवार

गाडीच्या दाराच्या पत्र्याचा नवा साचा आज प्रेसवर चढला. करीमनं महिनाभर घासून, पॉलिश करून बसवलेला. नारळ मी फोडला. पहिला पीस नेहमीप्रमाणे न मोजता, कुंकू लावून शॉपमधल्या देव्हाऱ्यात ठेवला. अकरा वर्षांचा नेम आहे माझा. मोजमाप दुसऱ्यापासून.

जयदीप सर आमचे मॅनेजर, परदेशात शिकलेले. असलं काही मानत नाहीत. तरी सकाळी हळूच म्हणाले, "ज्योतीराम, अमावस्या कधीये हो?" गुरुवारी, म्हटलं. आठवड्याच्या सुट्टीतच. "मग बरंय!" क्वालिटीच्या विजयश्री मॅडम तर शेवटचा पीस पडेपर्यंत 'झालं' म्हणू देत नाहीत कोणाला.

आज कोणीच म्हटलं नाही. तरी दुसऱ्यापासून पुढच्या प्रत्येक पीसला उजव्या कोपऱ्यात केसाएवढी चीर!

१७ नोव्हेंबर, सोमवार

करीमनं साचा उतरवून पुन्हा घासला. चीर तशीच. सर सगळ्यांसमोर बोलले — "शनिवारी कस्टमर येतोय. तोवर चीर गेली नाही तर साच्यावर दुसरा माणूस बघतो मी." करीम कॉन्ट्रॅक्टवर आहे. म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं. तो नुसता हात पुसत राहिला.

नंतर म्हटलं, "करीमभाऊ, मनाला लावून घेऊ नका."

"माझं सोडा. पत्र्याला काय लागलंय ते बघू आधी."

हसला वर!

१९ नोव्हेंबर, बुधवार

आजही चीर. प्रेसच्या खांबाला कोणीतरी लिंबू-मिरची बांधलीय. मॅडमनी पाहिली. काढा म्हणाल्या नाहीत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सुट्टी. मोशीला नदीच्या घाटावर जाऊन बसलो. देवाकडे करीमसाठी मागितलं. घरात चार माणसं, नजमावहिनींचं गुडघ्याचं दुखणं. पन्नाशीत कोण नवं काम देतं? स्वतःसाठी मागायची सवय आहे, दुसऱ्यासाठी मागताना अडखळलो. लाज वाटली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचं सगळं नीट लिहून ठेवतो.

सकाळी मॅडम एकदम म्हणाल्या, "काका, पहिला पीस कुठंय?"

"देवापुढे."

"मोजला होता?"

"देवाचा तो, मॅडम. मोजत नाही."

त्या देव्हाऱ्यापर्यंत आल्या. स्वतः हात लावला नाही, हे मी विसरणार नाही. "तुम्हीच आणा," म्हणाल्या.

बूट काढले. हात जोडले. देवा, दिलेलं परत मागतोय. कुंकू पुसून पीस भिंगाखाली धरला — कोपरा अखंड! चीरच नाही!

मग उलगडलं. पहिला पत्रा देवाचा, म्हणून करीम तो स्वतः हातानं तेल चोपडून प्रेसमध्ये ठेवतो. बाकीच्यांवर मशीन तेल फवारते. फवाऱ्याच्या तोट्या तपासल्या. उजव्या कोपऱ्याची तोटी गाळानं बुजलेली! तिथं तेलच पोचत नव्हतं. पत्रा कोरडा ओढला जाऊन फाटत होता. साच्यात काही खोट नव्हती.

करीमची साक्ष देव्हाऱ्यात पडून होती, आणि मी तिच्यापुढे रोज उदबत्ती लावत होतो.

तोटी साफ केली. चाळीस पीस काढले. सगळे धड. मॅडम ओरडल्या, "झालं!"

२२ नोव्हेंबर, शनिवार

कस्टमरनं पास केलं. सरांनी सगळ्यांदेखत करीमचा हात धरला — "चुकलं माझं." आता पहिला पीस आधी मोजायचा, मग देव्हाऱ्यात. मीच सुचवलं. देवाची हरकत नसावी.

मॅडमना सुचलं, तेल लावणारा हात होता, पीस जागेवर होता. कोणाकोणाचे उपकार मानू! जेवताना दोन घास जास्त गेले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

टपरीवर करीमला म्हटलं, देवानं राखलं बघा. तो चहा फुंकत म्हणाला, "नारळ फोडला त्या दिवशी पीस प्रेसमधून काढताना मी कोपऱ्यावरून बोट फिरवलं होतं. चीर नव्हती. ठाऊक होतं मला."

मग सहा दिवस गप्प का बसलात?

"तुमच्या देवापुढं ठेवलेला होता राव. मी कसा मागणार?"