पाण्यावरून परतलेले

४ एप्रिल

आले एकदाची. बसमधून उतरले तेव्हा अंगाचा पार खुळखुळा झाला होता, पण समोर तळं दिसलं आणि शीण कुठल्या कुठे गेला. तळं एवढं मोठं की पलीकडचा काठ म्हणजे नुसती निळी रेघ.

ऑफिस खाली, माझी खोली वर. ऑफिसात रबराचा आणि डिंकाचा वास, भिंतीला टांगलेली वल्ही, खुंट्यांवर नारिंगी लाइफ जॅकेटं, आणि टेबलभर पसरलेला नकाशा. मालकीणबाई पन्नाशीच्या, रोज सकाळी तळ्यात पोहून येतात. ओल्या केसांनीच त्यांनी मला उभ्या उभ्या काम सांगितलं. तळ्याभोवतीची एक सहल आखायची. राहणं, झोपणं, स्वयंपाक सगळं कॅम्परव्हॅनमध्ये. वाटेत कड्यावरची चढाई, धबधबा, आणि पाण्यातले खेळ: कायाक, पॅडलबोर्ड, नदीच्या तोंडाशी राफ्ट. गाडी पांढरी आहे, आत बिछाने, ओटा, एवढासा फ्रीज. चढावर धापा टाकते म्हणून सगळे तिला म्हैस म्हणतात.

ताईला फोन केला. म्हणाली, तुझ्या पायाला भिंगरी आहे, एका जागी बूड टेकत नाही. खरंच आहे. विम्याच्या ऑफिसात लोकांच्या अपघातांवर शिक्के मारून जीव आंबून गेला होता. मध्येच भाचीने, ठमीने, फोन हिसकावला आणि विचारलं की आपण झोपल्यावर गाडी आपोआप पुढे जाते का. सहा वर्षांची आहे, पण प्रश्न विचारायचा पगार मिळत असल्यासारखी विचारत सुटते. मी शब्द देऊन टाकला, सहल तयार झाली की पहिले पाहुणे तुम्हीच.

७ एप्रिल

दोन दिवस म्हशीतून भटकंती. गाडी मास्तर चालवतात. मास्तर म्हणजे इथले कायाक शिकवणारे, उन्हाने रापलेले, सतत शीळ घालणारे. मी शेजारी बसून नकाशावर खुणा करते. पिण्याचं पाणी कुठे भरता येईल, कुठल्या वळणावर म्हैस अडकेल, मुक्कामाला सपाट जागा कुठे, सकाळचं ऊन कोणत्या खिडकीतून येईल. धबधब्यापाशी तासभर बसून राहिलो. असं काम करून पगार मिळतो हे कुणाला सांगितलं तर थापा वाटतील.

एक गोष्ट मास्तरांना सांगून टाकली. मी पाण्यात उतरत नाही. लहानपणी विहिरीत पडले होते, तेव्हापासून घोट्याच्या वर पाणी आलं की छातीत धडधडतं. ते हसले. म्हणाले, टॉवेल घेऊन काठावर उभं राहायला कुणीतरी लागतंच.

१० एप्रिल

आज चाचणीला चौघं मित्रमैत्रिणी आले होते. त्यात एक लाल टोपीवाला, भारी बडबड्या. त्याचं आणि त्यांच्यातल्याच एकीचं पुढच्या महिन्यात लग्न आहे. लग्नानंतर ह्याच गाडीतून फिरायचं म्हणून मला खोदून खोदून विचारत होता. मी चार जॅकेटं दिली, पट्टे तपासले, आणि सगळे मास्तरांबरोबर कायाकमधून तळ्यातल्या बेटाकडे गेले.

परत आले ते मास्तर सोडून पाच.

पाचव्याच्या अंगात जॅकेट नव्हतं. कपडे ओलेचिंब. वाटलं, समोरच्या काठावरचा कुणी लिफ्ट मागून आला असेल. पण ते त्याच्याशी जुन्या दोस्तासारखं बोलत होते, पाठीवर थापा मारत होते. मी चहा दिला. त्याने कप हातात घेऊन आधी बाकीचे कसा धरतात ते पाहिलं, मग तसा धरला.

मास्तरांना विचारलं, हा कोण. ते म्हणाले, कोण म्हणजे, ह्यांच्यातलाच की.

११ एप्रिल

सकाळी ते निघाले. चारच. लाल टोपीवाला नव्हता.

मी त्याच्या होणाऱ्या बायकोला गाठून विचारलं, तो कुठे आहे. ती गोंधळली. म्हणाली, हा काय. आणि त्या नव्याच्या दंडाला धरून हसली. मी टोपीवाल्याचं वर्णन केलं. ती दुसऱ्या मैत्रिणीकडे बघायला लागली, मी काहीतरी बरळतेय अशा नजरेने. त्यांची गाडी सुटली तेव्हा नवा माणूस मागच्या काचेतून माझ्याकडे पाहत होता. टोपी तारेवर वाळत होती. मास्तर म्हणाले, पाहुणे काय काय विसरून जातात.

पोलीस चौकीत फोन लावला. त्याचं नाव विचारलं, मला माहीत नव्हतं. घरच्यांची तक्रार आहे का विचारलं, नव्हती. मग त्यांनी माझंच नाव लिहून घेतलं.

१३ एप्रिल

मास्तरांच्या घरी गेले होते, सरळ विचारायचं ठरवून. दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत पलंग, इस्त्रीची चादर, उशीशी पावडरचा डबा आणि बांगड्या. मी विचारलं, घरी कोण कोण असतं. म्हणाले, मी एकटाच. मग तो पलंग कुणाचा? त्यांची शीळ थांबली. चादरीची सुरकुती हाताने सपाट करत म्हणाले, असू दे, कुणी आलं-गेलं तर. मी चादर बदलत असतो.

त्यांना फसवायचं असतं तर बरं झालं असतं. त्यांना खरंच माहीत नाही. मालकीणबाईंनाही नाही. हे दोघं रोज त्या पाण्यात असतात. त्या पाण्यात जो जातो, त्याच्या डोक्यातून माणूस निघून जातो आणि कळतही नाही. मी काठावर होते म्हणून मला आठवतंय. दुसरं काही कारण सुचत नाही.

ताईला फोन केला, येऊ नका म्हणाले. कारण काय सांगणार? पाणी खराब आहे म्हटलं. ती म्हणाली, ठमी पाठीला पिशवी लावून सकाळपासून दारात बसलीय, तूच सांग तिला. भावोजींची रजाही मुश्किलीने मिळालीय. शेवटी म्हटलं, या.

१६ एप्रिल

आले. ठमीचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे ती मला 'मावफी' म्हणते. म्हशीतला प्रत्येक कप्पा उघडून बघून झाला. वरचा बिछाना तिने पटकावला.

सहल मी नव्याने आखली आहे. कडा, सायकली, धबधबा लांबून. पाण्याचा थेंब नाही. भावोजी जरा कुरकुरले की तळ्यावर येऊन डोंगर काय बघायचे. मालकीणबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. बघू देत.

१८ एप्रिल

नीट लिहिते.

गॅसची टाकी बदलायला गावात गेले होते. परत आले तर म्हैस काठाशी उभी आणि आत कुणी नाही. मालकीणबाई म्हणाल्या, मीच पाठवलं मास्तरांबरोबर, पोरगी हट्ट करत होती.

काठावरून हाका मारत सुटले. ऊन लख्ख, पाणी सपाट, वारासुद्धा नाही. दोन कायाक येताना दिसल्या. एकीत ताई आणि भावोजी. दुसरीत मास्तर, पुढे ठमी, आणि दोघांच्या मध्ये एक मुलगा. ठमीएवढा. ओला. तिच्या पाठीला पाठ लावून, तोंड मागच्या पाण्याकडे करून बसलेला.

ठमी मला पाहून उभी राहिली. कायाक कलली. मी पाण्यात शिरले. कमरेपर्यंत. तिला उचलून काठावर आणेपर्यंत आपण कशात उभे आहोत हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

ताई त्या मुलाचं डोकं पुसत होती. आम्हांला दोघींना ओलांडून गेली. ठमी माझ्या कानाशी म्हणाली, "मावफी, आई त्याला माझा टॉवेल का देतेय?"

१९ एप्रिल

सकाळी ताईने तीन ताटल्या मांडल्या. तिची, भावोजींची, त्याची. ठमी ओट्याला टेकून उभी. मी म्हटलं, ताई, ठमीची? ताई दचकली, कानकोंडी झाली, अगं हो म्हणत चौथी काढली. ठमी जेवली नाही.

दुपारी निघायचं म्हटलं, आत्ताच्या आत्ता, घरी. भावोजी ऐकेनात. मी त्या मुलाला हाताला धरून गाडीतून उतरवायला गेले तर ताईने माझा हात झटकला. जन्मात तिने माझ्यावर हात उगारला नव्हता.

संध्याकाळी मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, "ही मुलगी कुणाची गं? केव्हाची आपल्यातच आहे. तिच्या घरचे शोधत असतील."

ठमीने ऐकलं.

२० एप्रिल

गेले ते. मुलाला घेऊन.

ठमी त्यांच्या गाडीमागे धावली. भावोजींनी आरशात पाहिलं असणार. गाडी थांबली नाही. ताईने खिडकीतून मला हात केला, जपून राहा म्हणाली. मला. ठमीकडे पाहून ओळख नसलेल्या पोरीकडे पाहून हसतात तशी हसली.

मी ठमीला घट्ट धरून ठेवलंय. तिला तिच्याच गोष्टी सांगतेय. तू झालीस तेव्हा आईच्याही आधी मी घेतलं होतं. तुझ्या उजव्या कानावर केस चिकटले होते. पुन्हा सांग म्हणते. पुन्हा सांगते.

फोनमधले फोटो दाखवायला गेले. सगळ्यांत तो आहे. वाढदिवसाला तो. दवाखान्यात माझ्या हातात — तो. ठमीने फोन उलटा ठेवला.

२१ एप्रिल

तिला इथून न्यायचं. ताईकडे नाही — आईकडे. आई इथे कधी आलेली नाही, पाण्यात उतरलेली नाही. ती ओळखेल. ओळखायलाच हवं. फोन लागत नाही. उद्या बस आहे.

मालकीणबाईंनी विचारलं, ही कुणाची. माझी, म्हटलं. उत्तर द्यायला वेळ लागला. का लागला —

उजवा कान की डावा? सकाळी सांगताना अडखळले. ठमीनेच सांगितलं, उजवा.

२२ एप्रिल, सकाळ

चहा केला. एक कप. प्यायलेही. मग मागे वळले तर ती पलंगावर बसून माझ्याकडे बघत होती. रडली नाही. रडली असती तर —

ठमी. ताईची मुलगी. दोन दात पडलेत. ठमी. प्रश्न विचारते. हल्ली विचारत नाही.

कालची पानं वाचली. अक्षर माझंच. कुणाची तरी गोष्ट उतरवून काढावी तसं वाटतंय. ताईला तर मुलगा —

नाही. ठमी. ठमी. ठमी.

२२ एप्रिल, बस स्टँड

बसला उशीर आहे. आईकडे निघालेय. का ते आत्ता नेमकं — बरं नव्हतं वाटतं. नोकरीत मन रमलं नाही.

बाकावर शेजारी एक लहान मुलगी बसलीय. पाठीला पिशवी. माझा हात धरलाय तिने, दुखेल इतका. सुटत नाही. कुणाची गं तू, विचारलं. तिने हात आणखी आवळला. मग म्हणाली, पुन्हा सांग. काय सांगू? तर स्वतःचा कान दाखवते.

आसपास कुणी मोठं माणूस दिसत नाही. कसे लोक असतात, एवढ्याशा पोरीला एकटं सोडून —

बस लागली. कंडक्टर विचारतोय, एक की दोन.

हात सोडवून घेतेय, बोटं एकेक करून — मला मावफी म्हणून हाक