सतरा नंबरची बाटली

१ मार्च
बाबांनी वसंताचा लाल-पांढरा दोरा माझ्या मनगटाला गुंडाळला आणि थांबले. "पुढं काय करायचं गं, इस्क्रा?" चाळीस वर्षं दरसाल बांधतायत! गाठ मीच मारली. मग न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं.

४ मार्च
आमच्याच दवाखान्यातल्या चाचणीत बाबांना घेतलं! दलदलीतल्या कोकिचे फुलझाडाच्या पानांतून काढलेलं, विस्मरणावरचं नवं औषध. मेंदूच्या पेशी मरायच्या थांबतील — कदाचित. निम्म्यांना खरं, निम्म्यांना नुसतं पीठ. कुणाला काय, डॉक्टरांनाही ठाऊक नाही. गोळ्यांच्या बाटल्या वाटायच्या मीच. बाबांची सतरा नंबर.
"वडील आहेत माझे," मी डॉक्टर वेल्कोव्हना सांगितलं. "असू देत. नुसते नंबर आहेत, तू काय दिवे लावणार?"

२ एप्रिल
बाबांना मळमळ नाही, काही नाही. बानित्सा चापून खातात. आम्हा नर्सांचा हिशेब ठरलेला — ज्याला मळमळ, त्याला खरं. तेवीस नंबरच्या पेंका मावशी रोज ओकतात. त्यांची सून मिल्का म्हणाली, "औषधासोबत बादलीपण देत जा गं!" सगळ्या हसल्या. मला हसू येईना. माझे बाबा पीठ गिळतायत!

३ एप्रिल
नाही. असलं काही करायचं नाही.

९ एप्रिल
"तुझी आई कुठं गेली?" बाबांनी विचारलं. सहा वर्षं झाली तिला जाऊन. सांगितलं, तर लहान पोरासारखे रडले.
केलं. कपाटातल्या सतरा आणि तेवीसच्या सगळ्या बाटल्यांची लेबलं बदलली. पेंका मावशी, माफ करा. मला एकच बाप आहे.

२० मे
बाबांना अजून मळमळ नाही. पेंका मावशी ओकतायतच! मग खरं कुणाकडे?

२ जून
मिल्काला खोदून खोदून विचारलं. ओशाळली. "आमच्या गावात कोकिचेची पानं उकळून देतात. मी पहिल्यापासून रोज सकाळी कपभर पाजते सासूबाईंना. तुमच्या गोळ्यांवर कोण भरवसा ठेवतंय!"
"विष आहे ते, बये!" मी ओरडले. ओरडायचं तोंड तरी आहे का मला?

११ जून
बाबांना सूप भरवत होते. म्हणाले, "तुम्ही कुणाच्या, बाई? बसा. माझी मुलगी येईलच इतक्यात. नर्स आहे. फार हुशार."

३० जून
चाचणी संपली. कुणाला काय होतं, ती यादी उघडली. बाबांना खरं औषध मिळत होतं — मी हात लावेपर्यंत.